पृथ्वीची जागा

मंडळी, जुहूच्या पृथ्वीवर कॉफी प्यायला आपण सगळेच जातो, पण ती जागा हातची जायची वेळ आली होती. पृथ्वीराज कपूरांची नाटक कंपनी १९४४ ते १९६० गावोगाव फिरली. स्वतःचं थिएटर नव्हतंच. ते बांधायला त्यांनी १९६२ला हा प्लॉट लीजवर घेतला. १९७२ला ते गेले, त्याच वर्षी लीजही संपलं. शशी आणि जेनिफर कपूरनी प्लॉट सरळ विकत घेतला! १९७८ला तिथे पहिलं नाटक झालं, तेही आपल्या गो. पु. देशपांड्यांचं (हिंदीतून, असो): 'उद्ध्वस्त धर्मशाळा'.

माझ्या मते पृथ्वी टिकलं ते त्या खरेदीमुळे. नाटकं तर दादरच्या छबिलदासमध्येही तोडीस तोड व्हायची. पण हॉल शाळेचा. पुढे 'आविष्कार'ला बिऱ्हाड माहीमच्या म्युनिसिपल शाळेत हलवावं लागलं.