यादीतील मालकी : पुणे शहर आणि स्कूटर (1960 ते 1985)

पुण्याच्या अर्वाचीन इतिहासाविषयी लिहिणारे लेखक सायकलीचा उल्लेख आवर्जून करतात. स्कूटर मात्र त्यांच्या लेखनात बहुधा उपेक्षितच राहिली आहे. तिचा निर्देश आढळतो तो औद्योगिक इतिहासात, आणि तेथे नायक असतो कारखाना. अर्थशास्त्रीय विवेचनात ती येते ती टंचाईचे उदाहरण म्हणून. स्कूटर विकत घेणारा माणूस या दोन्ही ठिकाणी केवळ आकड्याच्या रूपाने उरतो. वस्तुतः 1960 ते 1985 या पंचवीस वर्षांत पुण्यासारख्या शहरात प्रथमच स्कूटरचा मालक होणे हा निव्वळ खरेदीचा व्यवहार नव्हता. शासन, विक्रेता आणि कुटुंब या तिघांना एकत्र बांधणारी ती एक प्रदीर्घ प्रतीक्षा होती. स्कूटरच्या मालकीला जो सामाजिक अर्थ लाभला तो वाहन हाती आल्यावर नव्हे, तर त्या प्रतीक्षेच्या काळातच घडला, असे म्हणावयास हरकत नाही.

हे वाहन मुळात इटलीतील. दुसऱ्या महायुद्धानंतर विमाने बांधण्याचे काम संपुष्टात आलेल्या पिआज्जिओ कंपनीने 1946 मध्ये पोन्तेदेरा येथे 98 सी.सी. क्षमतेची पहिली व्हेस्पा तयार केली. तिचा आराखडा करणारे कोर्रादिनो दास्कानिओ हे विमानशास्त्राचे अभियंते होते आणि त्यांना मोटारसायकल मुळीच आवडत नसे. पाय टाकून वर चढावे लागू नये, कपड्यांना तेल लागू नये, चाक पंक्चर झाल्यास ते सहज बदलता यावे, या हेतूंनी त्यांनी वाहनाची रचना केली. धोतर नेसणाऱ्या कारकुनाला आणि पातळ नेसून मागे बसणाऱ्या त्याच्या पत्नीला ही रचना किती सोयीची ठरेल, याची कल्पना त्यांना असण्याचे कारण नव्हते. हिंदुस्थानात बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने 1948 पासून आयात दुचाकी व तीनचाकी वाहनांची विक्री सुरू केली. मुंबईत भांडुप येथे ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही संस्था इनोचेंतीच्या लॅम्ब्रेटा जुळवू लागली. 1959 मध्ये बजाजांच्या कंपनीला उत्पादनाचा परवाना मिळाला, 1960 मध्ये आकुर्डीच्या कारखान्याचे भूमिपूजन झाले, आणि स्कूटर ही पुणेकराच्या दृष्टीने जवळजवळ घरची वस्तू बनली. आकुर्डी पुण्याहून काही मैलांवर; परंतु तेथील स्कूटर पुण्यातील गिऱ्हाइकाच्या दारी येण्यास लागणारा काळ मात्र वर्षांनी मोजावा लागे.

याचे कारण उत्पादनाच्या परवानापद्धतीत होते. कारखान्याने किती वाहने काढावीत याची मर्यादा शासन ठरवीत असे. 1969 च्या मक्तेदारी नियंत्रण कायद्याने 20 कोटी रुपयांहून अधिक मालमत्ता असलेल्या उद्योगसमूहांच्या विस्तारावर आणखी एक बंधन घातले. बजाज ऑटोचे एक लक्षावे वाहन 1970 मध्ये बाहेर पडले, म्हणजे पहिल्या लाखास जवळजवळ दशक लागले. एकाच वर्षात एक लाख वाहनांचा टप्पा 1977 मध्ये गाठला गेला. मागणी या गतीच्या कितीतरी पुढे होती. उपलब्ध माल वाटून देण्यासाठी 1960 मध्ये स्कूटर वितरण व विक्री नियंत्रण आदेश काढण्यात आला आणि त्यामुळे 'नंबर लावणे' या क्रियेला कायद्याचे अधिष्ठान प्राप्त झाले.

नंबर लावण्याची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. इच्छुकाने टपाल कचेरीत बचत खाते उघडून ठराविक रक्कम भरावयाची, ते खातेपुस्तक विक्रेत्याच्या नावे तारण ठेवावयाचे आणि अनुक्रमांक पदरात पाडून घ्यावयाचा. पुढे अनेक वर्षे तो अनुक्रमांक हीच त्याची स्कूटर असे. घरात ती दिसत नसे; परंतु तिचा हिशेब होत असे, तिच्यासाठी भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेण्याचे बेत होत असत, आणि मुलगा नोकरीस लागताच त्याच्या नावे दुसरा नंबर लावून ठेवणारे दूरदर्शी वडीलही असत. कायद्याच्या परिभाषेत ही मालकी नव्हे. तथापि समाजाच्या व्यवहारात तिला मालकीची किंमत होती, याचा पुरावा 'प्रीमियम' या शब्दात सापडतो. नियंत्रित किमतीत मिळालेली स्कूटर दुसऱ्या दिवशी विकली तरी कारखान्याच्या किमतीहून अधिक पैसे हाती येत. वापरलेली वस्तू नव्यापेक्षा महाग असावी, हा बाजाराचा सामान्य न्याय उलटा करणारा प्रकार त्या काळात कोणालाच विलक्षण वाटत नव्हता. विवाहाच्या बोलण्यातही स्कूटर शिरली. हुंडा प्रतिबंधक कायदा 1961 चा, आणि देशी स्कूटरच्या उत्पादनाचा आरंभही त्याच सुमाराचा. हा योगायोग जरा कडवटच म्हटला पाहिजे.

रांग म्हटली की समानता गृहीत धरली जाते, आणि या काळाचे गोडवे गाणारे आठवणीपर लेखन तसेच सुचविते. साहेब आणि कारकून एकाच यादीत, असे चित्र त्यात रंगविले जाते. ते तपासून पाहता टिकत नाही. शासकीय सेवकांसाठी वेगळा कोटा होता. परकीय चलनात किंमत भरणाऱ्यास यादी ओलांडून वाहन मिळू शके. त्यामुळे अमेरिकेत किंवा आखातात गेलेला नातेवाईक हा स्कूटरच्या वाटेवरील मोठाच आधार ठरला. उलटपक्षी मंडईतील गाळेवाला, शिंपी, छापखान्यातील जुळारी यांच्यापाशी ना कोटा, ना परदेशस्थ पुतण्या. आठ-दहा वर्षांनंतर मिळावयाच्या वस्तूसाठी आज रक्कम अडकवून ठेवणे ज्यास परवडते त्यालाच यादीत उभे राहता येते, ही साधी गोष्ट बहुधा नजरेआड होते. यादी ही स्थिर पगार आणि स्थिर पत्ता असलेल्यांची होती. पुण्यातील मध्यमवर्गाची व्याख्या उत्पन्नावरून करण्यापेक्षा प्रतीक्षा करण्याच्या ऐपतीवरून करणे अधिक अन्वर्थक ठरेल.

स्कूटरची निकड याच शहरात एवढी का भासावी? मुंबईत उपनगरी आगगाडीने मध्यमवर्गाची मुख्य गरज भागविली होती. तेथे स्कूटर ही सोय होती, आवश्यकता नव्हे. पुण्याचे तसे नव्हते. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या, आणि पूरग्रस्तांच्या वसाहती गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर अशा त्या वेळी गावाबाहेरच्या समजल्या जाणाऱ्या जागी उभ्या राहिल्या. त्याच दशकात पिंपरी-चिंचवडकडे कारखाने वाढत होते. जनगणनेनुसार 1961 मध्ये सुमारे 6 लाख असलेली शहराची वस्ती 1981 मध्ये 12 लाखांवर गेली. पर्वतीच्या पलीकडे घर, आकुर्डीस नोकरी आणि शनिवार पेठेत वृद्ध आईवडील, असा ज्याचा संसार विखुरला त्याला सायकल अपुरी पडली आणि बसच्या भरवशावर दिवस आखणे अवघड झाले. स्कूटरने शहर पसरविले नाही. पसरलेल्या शहरात जुने नातेसंबंध टिकविण्याचे साधन म्हणून ती आली, आणि मग तिच्याच बळावर कोथरूडसारखी उपनगरे आणखी दूर जाऊ शकली, असा क्रम लावणे युक्त होईल.

अखेर नंबर येई. वाहन कोणत्या रंगाचे हवे हा प्रश्न गौण असे. जो रंग आला तो आवडता. विमा 1946 पासूनच अनिवार्य होता, त्याचे कागद करावयाचे, परिवहन कार्यालयात नोंदणी करावयाची, आणि मग नारळ, हळदकुंकू व पेढे. सारसबागेच्या गणपतीपुढे नवे वाहन नेण्याचा प्रघात पुण्यात रूढच आहे. खरी अडचण त्यानंतर सुरू होई, कारण स्कूटर यायच्या आधी चालविणे शिकावे तर कोणाच्या स्कूटरवर? सायकलीवर तोल साधलेल्या माणसाला डाव्या मुठीत क्लच आणि त्याच मुठीने गिअर फिरविणे चमत्कारिक वाटे. इंजिन उजव्या अंगाला असल्याने वाहन त्या बाजूस किंचित ओढ घेई. पेट्रोलमध्ये तेल ठराविक प्रमाणात मिसळावे लागे. थंडीच्या सकाळी किक मारण्यापूर्वी स्कूटर एका अंगावर कलती करण्याचा जो विधी घरोघर चाले, त्याचे शास्त्रीय कारण ठाऊक असणारे थोडे, पण तो न करणारे त्याहून थोडे. वाड्यात राहणाऱ्यांना आणखी एक प्रश्न सोडवावा लागे. दिंडी दरवाजाच्या उंच उंबरठ्यावर फळी टाकून स्कूटर चौकात घ्यावी लागे, आणि चौक सामाईक असल्याने इतर बिऱ्हाडांची मूक संमती आवश्यक असे. वाड्याची रचना पालखी व घोडा यांच्यासाठी झालेली. 1972 मध्ये बाजारात आलेल्या स्कूटरचे 'चेतक' हे महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव त्या चौकात शोभून दिसे खरे.

कुटुंबाची ही मालकी नावाने मात्र बहुधा पुरुषाचीच राही. स्त्रीची जागा मागल्या बैठकीवर, दोन्ही पाय एका बाजूस, मांडीवर मूल. मोठे मूल पुढे उभे. वजनदार यंत्र, किक आणि हातचा गिअर हीच अडचण होती असे सांगितले जाते, पण ते अर्धेच सत्य आहे. 1972 मध्ये पुण्याच्याच कायनेटिक इंजिनीअरिंगने काढलेली 50 सी.सी.ची लूना स्त्रिया सर्रास चालवू लागल्या, तेव्हा घरातील एकमेव, वर्षानुवर्षे वाट पाहून मिळालेले वाहन तिच्या हाती न देण्याचे कारण केवळ यांत्रिक नव्हते हे उघड झाले. दुर्मीळ वस्तूचा ताबा घरात ज्याच्याकडे सत्ता त्याच्याकडे जातो. विपुलता आल्यावरच तो सैल झाला.

ती विपुलता 1980 नंतर वेगाने आली. 1984 मध्ये कायनेटिक होंडाची स्थापना होऊन गिअर नसलेली व बटन दाबून सुरू होणारी स्कूटर लवकरच दिसू लागली. 1985 मध्ये मक्तेदारी कायद्याची मर्यादा 20 कोटींवरून 100 कोटींवर नेण्यात आली, त्याच वर्षी बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना सुरू झाला, आणि 1986 मध्ये या कंपनीने एका वर्षात पाच लाख वाहनांचा टप्पा गाठला. प्रीमियम विरघळला. टपाल कचेरीतील खातेपुस्तकांचे प्रयोजन संपले. 'नंबर लागला' हा शब्दप्रयोग हळूहळू गॅस सिलिंडर आणि दूरध्वनी यांच्यापुरता उरला, आणि कालांतराने तेथूनही गेला. 2009 मध्ये बजाज ऑटोने स्कूटरचे उत्पादनच थांबविले. पुढे विजेवर चालणारी चेतक आली, तेव्हा जानेवारी 2020 मध्ये तिची आगाऊ नोंदणी प्रथम पुणे व बंगळूर या दोनच शहरांत खुली झाली. मध्यंतरी थांबलेली ती नोंदणी 13 एप्रिल 2021 रोजी पुन्हा सुरू करण्यात आली आणि मागणी इतकी आली की दोन दिवसांत ती बंद करावी लागली.