दिवा चमकला नाही, म्हणजे काय?

समजा, मांजराच्या अंगावरून कोंडा झडतोय, मध्येच केस गळलेत. गजकर्ण आहे का? चुकून 'नाही' म्हणालात, तर ते घरातल्या मुलांनाही होऊ शकतं.

१९०३ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी अतिनील किरणांसाठी खास काच बनवली. १९२५ मध्ये मार्गारो आणि देवेझ यांनी त्या प्रकाशात बुरशी लागलेले केस चमकतात हे दाखवलं. तोच आपला वूड्स लॅम्प.

पण मेख अशी, की हिरवट चमक केसात बघायची असते. सुटा कोंडा निळसर दिसला तर तो पुरावा नव्हे. शिवाय 'मायक्रोस्पोरम कॅनिस' दरवेळी चमकतेच असं नाही. काही बुरशा तर चमकतच नाहीत.

१९६३ मध्ये मॅकेन्झी यांनी माणसांच्या डोक्यातलं न चमकणारं गजकर्ण शोधायला केसांतून ब्रश फिरवला आणि त्यावरून कल्चर केलं. पुढे हीच युक्ती मांजरांसाठी टूथब्रशने वापरली गेली. मात्र केसांवर नुसते बीजाणू चिकटलेले असले, तरी कल्चर पॉझिटिव्ह येऊ शकतं.

तुमची पद्धत निवडताना हे दोन प्रश्न लिहूनच ठेवा: ती 'नाही' म्हणते तेव्हा काय निसटतं? आणि 'हो' म्हणते तेव्हा नेमकं काय सापडलेलं असतं?