घरच्यांशिवाय घराच्या गप्पा

कंपनीनं तोक्योला पाठवायचं ठरवलं तेव्हा मी आधी रेडिटवरचा जपानचा ग्रुप उघडला. घरभाडं, बँक खातं, कुठल्या वारी कुठला कचरा, सगळ्याची उत्तरं मिळाली. आठवड्यानं लक्षात आलं, उत्तरं देणारा कुणी टेक्सासचा, कुणी सिडनीचा, एक तर चक्क कोथरूडचा. जपानी माणूस शोधूनही सापडेना. तिथली माणसं १९९९ पासून 'टू-चॅनेल'वर जपानीतच भांडत होती.

हे इंटरनेटचं काहीतरी असेल असं वाटलं. पण एशियाटिकच्या ज्या पायऱ्यांवर आपण फोटो काढतो, तिथेही हीच गोष्ट आहे. १८०४ साली सर जेम्स मॅकिंटॉश या न्यायाधीशानं 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे' काढली. विषय आपले: भाषा, शिलालेख, लेणी. सभासद सगळे साहेब. पहिला भारतीय सभासद, माणेकजी करसेटजी, आत यायला १८४० उजाडलं! कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीनंही १७८४ पासून १८२९ पर्यंत भारतीयांना घेतलं नव्हतं.

मग इथली माणसं गप्प होती का? छे. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं, एका रकान्यात मराठी, शेजारी इंग्रजी. बोलणं चालूच होतं, फक्त जागा वेगळी.

'देश' हा विषय मुळात बाहेरच्याला पडतो. आतल्याला पाणी, भाडं, पोरांची शाळा हे विषय असतात. तोक्योतल्या सहकाऱ्याला विचारलं, तुम्ही जपानबद्दल कुठे बोलता? त्याला प्रश्नच कळला नाही. तो बेसबॉलबद्दल बोलतो.

तेव्हा दार सभासदत्वाचं होतं, आता भाषेचं आहे. म्हणूनच रेडिटवरचा भारताचा ग्रुप भारतीयांनी भरलेला दिसतो: आपल्याला इंग्रजीत भांडता येतं. माणेकजीही इंग्रजीच्याच बळावर आत गेले. १८९२ मध्ये त्याच संस्थेचे पहिले भारतीय अध्यक्ष झालेले काशिनाथ त्र्यंबक तेलंग तर भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतरकार. त्यांचं कर्तृत्व मोठंच. पण मी त्या ग्रुपवर 'आम्हा भारतीयांना' असं लिहितो तेव्हा थोडं चुकचुकतं. माझ्या सांगलीच्या काकांना तो ग्रुप आहे हेच माहीत नाही. ते पावसाळ्यात रोज सकाळी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी टाकतात, आणि त्याखाली चाळीस जण मराठीत वाद घालतात.