देवघरातील छापील देव

चित्रकाराने काढलेले देवाचे चित्र पूर्वी गोरगरिबांना परवडत नसे. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या बटतला भागातील कारागीर लाकडी ठसे कोरून देवदेवतांची चित्रे छापीत. ती हाताने रंगवून स्वस्तात विकली जात. पुढे शिळाछापाची रंगीत चित्रे आली व लाकडी ठसे मागे पडले. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा, तर मुंबईत १८९४ साली राजा रविवर्मा यांचा छापखाना निघाला. लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोहोचल्या. ज्यांना देवळाची पायरी चढण्यास मज्जाव होता, त्यांनाही घरच्या भिंतीवर देवदर्शन घडू लागले. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी १९३० साली सत्याग्रह करावा लागला, हे विसरून चालणार नाही. जीर्णोद्धारित देवळाचे दार सर्वांस सदैव खुले राहो व घराघरांतील जुनी चित्रेही जतन होवोत, हीच प्रार्थना.