केजन स्वयंपाक: हाकललेल्या लोकांचं स्वस्तातलं जेवण

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जिथे मी फार अडखळलो तेवढं नीट केलंय, बाकी तसंच ठेवलंय.

केजन जेवणाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. आंदुई सॉसेज मिळत नाही, टासो नावाचं धुरावलेलं डुकराचं मांस मिळत नाही, क्रॉफिश तर विसराच. आणि मिळालं तर खिशाला परवडत नाही. मग लुइझियानाच्या बाहेर राहून हे घरी करायचं कसं? हा प्रश्न माझाही आहे. मी ह्यूस्टनला राहतो. लुइझियानाची हद्द इथून गाडीने दोनेक तासांवर आहे, तरी दुकानात आंदुईच्या पाकिटाची किंमत बघून मी शेजारचं साधं स्मोक्ड सॉसेज उचलतो. पण याचं उत्तर मी आधी इतिहासातून देणार आहे. कारण ज्यांनी हा स्वयंपाक घडवला त्यांनाही त्यांचं 'मूळ साहित्य' मिळत नव्हतं. आणि ते का मिळत नव्हतं, ही गोष्ट बरीच क्रूर आहे.

सुरुवात कॅनडात होते. आजच्या नोव्हा स्कॉशियाच्या परिसरात १६०४-०५ पासून फ्रेंच लोक वस्ती करू लागले. त्या मुलखाला अकेडिया म्हणत. बहुतेक माणसं पश्चिम फ्रान्समधली, शेतकरी. तिथे फंडीचा उपसागर आहे, ज्याची भरती-ओहोटी जगात सगळ्यात मोठी. या लोकांनी काय केलं, तर भरतीचं पाणी अडवायला मातीचे बांध घातले आणि बांधात लाकडी झडपा बसवल्या. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जायचं, भरतीला झडप आपोआप बंद. पावसाने काही वर्षांत जमिनीतलं मीठ धुऊन निघालं की तिथे गहू यायचा. (आपल्याकडे कोकणात खाजण जमिनी आणि गोव्यात खाझन आहेत. बांध आणि झडपेचं तत्त्व तेच, फक्त तिथे भात.) म्हणजे यांचं जेवण काय? गव्हाचा पाव, वाटाणे, कोबी, सलगम, डुक्कर, दूध-लोणी. थंड हवेचं, सौम्य जेवण. मिरचीचा पत्ता नाही, भाताचा तर नाहीच.

१७१३ च्या उट्रेक्टच्या तहात अकेडिया ब्रिटिशांकडे गेलं. ब्रिटिशांना या फ्रेंच कॅथलिक शेतकऱ्यांकडून बिनशर्त राजनिष्ठेची शपथ हवी होती. यांचं म्हणणं, शपथ घेतो, पण फ्रान्सविरुद्ध शस्त्र उचलणार नाही. चाळीस वर्षं हे असंच लोंबकळत राहिलं. मग १७५५ मध्ये गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्सने सगळ्यांना हद्दपार करायचं ठरवलं. ५ सप्टेंबर १७५५ ला ग्राँ-प्रे गावच्या चर्चमध्ये दहा वर्षांवरच्या सगळ्या मुलग्यांना आणि पुरुषांना बोलावलं. चारशेहून जास्त जण जमले. दारं बंद झाली आणि त्यांना हुकूम वाचून दाखवला, की जमिनी, घरं, गुरं सगळं सरकारजमा, तुम्ही जहाजावर चढायचं. परत कोणी येऊ नये म्हणून घरं जाळली. पुढच्या आठ वर्षांत साधारण १४,००० पैकी १०,००० हून जास्त लोकांना असं हलवलं. त्यांना एकत्र राहू नये म्हणून वेगवेगळ्या ब्रिटिश वसाहतींत वाटून टाकलं. जहाजं बुडून आणि रोगराईने हजारो मेले. फ्रेंचमध्ये याला 'ल ग्राँ देरांजमाँ' म्हणतात, म्हणजे मोठी उलथापालथ. एवढ्या भयंकर गोष्टीला इतकं घरगुती नाव कसं दिलं असेल, याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं.

फेब्रुवारी १७६५ मध्ये जोझेफ ब्रुसार, टोपणनाव बोसोलेय, साधारण दोनशे जणांना घेऊन न्यू ऑर्लीन्सला उतरला. फ्रान्सने लुइझियाना तोवर गुपचूप स्पेनला देऊन टाकलं होतं. म्हणजे हे फ्रेंच बोलणारे लोक फ्रेंच भूमीवर आलो म्हणून हुश्श करतात, तर ती कागदावर स्पॅनिश निघते. त्यांना पश्चिमेला अटाकापा भागात, बायू टेश या संथ नदीच्या काठी जमिनी दिल्या. त्याच वर्षी साथ आली आणि बोसोलेय स्वतः त्यात गेला. पुढे १७८५ मध्ये स्पेनच्या खर्चाने सात जहाजं फ्रान्समध्ये अडकलेले आणखी साधारण १,६०० अकेडियन घेऊन आली. 'अकादियँ'चं 'कादियँ' झालं आणि इंग्रजी तोंडात 'केजन'.

आता स्वयंपाकघरात या. दलदल, दमट उकाडा, मगरी. गहू टिकेना. पाव गेला. आधी मका आला. मक्याच्या पिठाचं कूश-कूश, दुधात घालून सकाळी खायचं. मग तांदूळ. सखल जागेत बी टाकून द्यायचं आणि पावसाच्या भरवशावर सोडायचं, त्याला ते 'देवाच्या कृपेचा तांदूळ' म्हणत. पाऊस झाला तर भात, नाही तर मका. आज तिथे दिसणारी मोठी यांत्रिक भातशेती १८८० च्या दशकात रेल्वे आल्यानंतरची आहे. म्हणजे ज्या भाताशिवाय केजन ताट पूर्ण होत नाही, तोच मुळात बदली खेळाडू.

आणि हे सगळं त्यांनी एकट्याने शोधलं, असं सांगणाऱ्या गोष्टी मला पटत नाहीत. लुइझियानात १७१९ पासून आफ्रिकेतून गुलाम आणले जात होते, आणि भात कसा पिकवायचा हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक होतं. भेंडी आफ्रिकेतून आली. 'गंबो' हा शब्दच आफ्रिकी भाषांतल्या भेंडीच्या नावावरून आला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. चॉक्टॉ आदिवासी ससाफ्रास झाडाची पानं वाळवून त्याची पूड करत, तीच आज 'फिले' म्हणून गंबोत जाते. पोर्क सॉसेजची कला जर्मन शेजाऱ्यांकडूनही आली. आणि हे निर्वासित जरा स्थिरावल्यावर त्यांच्यातल्याच काहींनी गुलाम ठेवले. हाकललेला माणूस दुसऱ्याला बांधून ठेवायला तयार होतो, हे गंबोच्या गोड-गोड कथांत सहसा नसतं. म्हणून इथे सांगितलं.

तर गंबो. पाया असतो रू, म्हणजे तेलात भाजलेला मैदा. फ्रान्समध्ये रू लोण्यात करतात आणि फिकट ठेवतात. इथे लोणी उकाड्यात टिकत नाही, मग डुकराची चरबी, पुढे तेल. आणि तो भाजायचा पार चॉकलेटी होईपर्यंत. बेसनाचे लाडू करताना वास सुटतो ना, तिथे आपण थांबतो. हे लोक आणखी पंचवीस मिनिटं पुढे जातात. तेल आणि मैदा सारखंच, प्रत्येकी पाऊण वाटी, बिडाची कढई, मंद-मध्यम आच, पस्तीस-चाळीस मिनिटं हात न थांबवता. काळे ठिपके दिसले तर करपला, टाकून द्या, वाचवायला जाऊ नका. यात एक गंमत आहे. मैदा जितका गडद भाजाल तितका त्यातला स्टार्च तुटतो आणि त्याची घट्ट करायची ताकद कमी होते. चव वाढते, दाटपणा घटतो. म्हणून मग दाटपणाला भेंडी किंवा फिले. उन्हाळ्यात भेंडी ताजी, हिवाळ्यात वाळवलेली पूड. फिले गॅस बंद केल्यावर घालायची, उकळली तर तार सुटते.

बघा, यातलं महाग काय आहे? मैदा, तेल, कांदा, ढोबळी मिरची, सेलरी, कोंबडी, भात. कांदा, ढोबळी आणि सेलरी या तिघांना 'होली ट्रिनिटी' म्हणतात. फ्रान्समध्ये या जागी गाजर असतं. भारतात सेलरी मिळाली नाही तर मी कोथिंबिरीच्या जाड काड्या घालतो. चव तीच येत नाही, पण काम भागतं. आंदुईऐवजी कुठलंही धुरावलेलं सॉसेज चालतं, मात्र ते आधी कोरडं भाजून त्याची चरबी सुटू द्या. कोंबडीच्या हाडासकट मांड्या घ्या. त्या स्वस्त असतात आणि रस्साही त्यांचाच चांगला होतो.

पण रोजचं जेवण गंबो नव्हतंच. रोजचं म्हणजे 'राइस अँड ग्रेव्ही'. माझ्या टीममधल्या एका सीनियरचं घराणं केजन, आजोबांच्या काळात टेक्सासला आलेलं. त्याने मला हे शिकवलं, आणि त्यात रू सुद्धा नाही. स्वस्त, चिवट मांस घ्यायचं, मीठ, काळी मिरी, थोडी लाल मिरची लावायची आणि तळाला चिकटेपर्यंत लालसर भाजायचं. मग भरपूर कांदा, थोडं पाणी, तळ खरवडायचा. पुन्हा आटू द्यायचं, पुन्हा पाणी. असं तीन-चार वेळा. मग झाकण ठेवून दोन तास. सगळा रंग त्या चिकटलेल्या थराचा. तो थर करपल्यासारखा वाटतो म्हणून नॉनस्टिक भांड्यात करायला जाल, तर पांढरट पाणी मिळेल. मांस न खाणाऱ्यांनी बटण मशरूम असेच चिकटवून करून बघा. आणि हो, हे फार तिखट नसतं. केजन म्हणजे जिभेला आग, ही समजूत नंतरची.

ती कुठून आली? आधी हे लक्षात घ्या की विसाव्या शतकात केजन असणं ही लाजेची गोष्ट केली गेली. १९२१ च्या राज्यघटनेने लुइझियानाच्या शाळांत इंग्रजीच माध्यम ठरवलं. फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना 'मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही' हे वाक्य शेकडो वेळा लिहायची शिक्षा व्हायची. घरात आजीशी बोलायची भाषा आणि शाळेत मार खायची भाषा एकच. फ्रेंचसाठी राज्याची संस्था निघाली ती १९६८ मध्ये, तोवर दोन पिढ्या गप्प झाल्या होत्या. क्रॉफिशचंही तेच. नांग्यावाली कोळंबी म्हणा हवं तर, ती दलदलीत फुकट मिळते म्हणून गरिबीची खूण मानली जायची. १९५९ मध्ये मात्र राज्याच्या विधिमंडळाने ब्रो ब्रिज या छोट्या गावाला 'जगाची क्रॉफिश राजधानी' जाहीर केलं आणि वारं बदलायला लागलं.

मग आला पॉल प्रुडॉम. ऑपलूससजवळच्या शेतात वाढलेला, तेरा भावंडांतला धाकटा, बाप दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारा. १९७९ मध्ये त्याने बायकोबरोबर न्यू ऑर्लीन्समध्ये 'के-पॉल्स' काढलं. तिथे त्याने रेडफिश मासा लोण्यात बुडवून, मसाला लावून, लालबुंद तव्यावर काळा केला. लोक वेडे झाले. मागणी इतकी वाढली की १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या माशाच्या व्यापारी मासेमारीवर बंधनं आणावी लागली. आता गंमत अशी, की हा पदार्थ त्याच्या आईने कधी केला नव्हता. ती त्याची हॉटेलातली कल्पना. पण जगाला केजन म्हणून तोच कळला, आणि मग लाल मसाला भुरभुरलं की काहीही केजन: फ्राईज, चिप्स, बर्गर. प्रुडॉमला मी दोष देणार नाही, त्याने एका हिणवलेल्या जमातीचं नाव मोठ्या शहरांतल्या मेन्यूवर आणलं. पण घरचा केजन स्वयंपाक हा मसाल्याच्या डबीचा नसून वेळेचा आहे, हे त्या गडबडीत हरवलं. डबी घ्यायचीच असेल तर त्यातलं मीठ बघा. बऱ्याच डब्यांत पहिला घटक तोच असतो. लसूण पूड, लाल तिखट, काळी आणि पांढरी मिरी, थोडा थाइम असं घरी मिसळलं तर पाव किमतीत होतं.

लुइझियानाबाहेरचं केजन काही आजचं नाही. १९०१ मध्ये बोमाँटजवळ स्पिंडलटॉपला तेल लागलं, पोर्ट आर्थरला रिफायनऱ्या उभ्या राहिल्या आणि केजन कुटुंबं कामासाठी टेक्सासमध्ये आली. जे शेतात डुक्कर कापून गावभर वाटून घ्यायचे (फ्रिज नव्हते, म्हणून आळीपाळीने प्रत्येक घराचं डुक्कर), ते आता पगारावर दुकानातून मांस आणू लागले. पदार्थ राहिले, वाटे गेले. आणि १९७५ नंतर व्हिएतनाममधून पळालेले लोक याच किनाऱ्यावर कोळंबीच्या होड्यांवर आले. त्यांच्या पुढच्या पिढीने ह्यूस्टनमध्ये उकडलेल्या क्रॉफिशवर लसूण आणि लोणी ओतायला सुरुवात केली. लुइझियानातले जुने लोक म्हणतात, हे केजन नाही. माझा सीनियरही म्हणतो. मग सीझनमध्ये दर शनिवारी तिथेच रांगेत उभा असतो.

शेवटी कामाचं. गंबो एका वेळी मोठं पातेलंभर करा, कारण कष्ट सगळे रूचे आहेत आणि ते दोन माणसांना आणि दहा माणसांना सारखेच. दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. डब्यांत भरून फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने राहतो, फक्त भात आणि फिले त्यात आधी घालू नका, दोन्ही वाढताना. रू सुद्धा जास्तीचा करून बरणीत फ्रिजमध्ये ठेवता येतो, वर तेल तरंगतं ते ढवळून घ्यायचं. पुढच्या भागात ब्रिटिश नौदलाची बिस्किटं.