युद्धपटांतील मृत्यूचें दर्शन

१ जुलै १९१६ रोजीं फ्रान्समध्यें सोम नदीच्या परिसरांत ब्रिटिश सैन्यानें चढाई केली. पहिल्याच दिवशीं त्याचे १९,२४० सैनिक मृत्युमुखीं पडले. लढाई चालू असतांनाच, २१ ऑगस्टला, ‘बॅटल ऑफ द सोम’ हा मूकपट लंडनच्या ३४ चित्रगृहांत लागला. त्यांत घायाळ होते, प्रेतेंहि होतीं. ज्यांच्या घरीं नुकतीच मृत्यूची वार्ता आली, त्यांनीं हें पाहावें काय? डरहॅमचे डीन हेन्सली हेन्सन यांनीं ‘टाइम्स’ पत्रांतून निषेध केला; शोकाकुलांच्या दुःखाची ही करमणूक त्यांना असह्य वाटली. उलट, आप्त गमावलेल्या कित्येकांस आपला माणूस कशांतून गेला, हें पाहावयाचेंच होतें. सहा आठवड्यांत सुमारें २ कोटि तिकिटें खपलीं.

प्रेक्षक सर्वांत अधिक हादरले ते खंदकांतून वर चढतांच कोसळणारे शिपाई पाहून. तें दृश्य मात्र कॅमेऱ्यासाठीं मागाहून रचलेलें होतें, असें इतिहाससंशोधकांचें मत आहे. चित्रपटांतील प्रेतें खरीं होतीं. त्यांच्या वांट्यास तेवढा थरार आला नाहीं. प्रेक्षकाला काय सोसेल हें ठरविण्यापूर्वीं, दाखविलेलें खरें आहे काय, हें पाहणें म्हणूनच परीक्षकाचें पहिलें कर्तव्य ठरतें.