काचेची आतली बाजू : मोटारीच्या इतिहासातील एक न दिसणारा थर

रात्रीचा महामार्ग. समोरून एखादी गाडी प्रखर दिवे लावून येते आणि इतका वेळ स्वच्छ वाटणारी पुढची काच क्षणात दुधाळ होते. चालक वायपर चालवतो, पाण्याची पिचकारी मारतो. फरक काहीच पडत नाही, कारण मळ बाहेर नाहीच, तो आत आहे.

मोटारीच्या काचेचा इतिहास बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूने सांगितला जातो. पाऊस, चिखल, बर्फ आणि त्यांना हटवणारे वायपर एवढीच ती कथा असते. आतल्या बाजूची कथा निराळी आहे आणि किंचित उपरोधिकही. गाडीतील माणसाच्या सुखासाठी जी जी सुधारणा झाली, त्यांतील बहुतेकींनी काचेची आतली बाजू थोडी अधिक मलिन केली.

आरंभीच्या मोटारींना पुढे काचच नव्हती. चालक चामडी टोपी आणि गॉगल घालून वारा तोंडावर घेत असे. १९०४ च्या सुमारास पुढच्या काचा दिसू लागल्या, त्याही बऱ्याचदा ऐच्छिक. अनेक काचांचा वरचा अर्धा भाग बिजागरीवर उघडत असे. पावसात काहीच दिसेनासे झाले की तो उचलायचा आणि भिजत पुढे जायचे, असा सरळ हिशेब होता.

हाच हिशेब अलाबामाच्या मेरी अँडरसन यांना खटकला. हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या असताना, हिमवर्षावात समोरचे दिसावे म्हणून ट्रामचालकाला काच उघडी ठेवावी लागते आणि गारठा सगळ्या डब्यात शिरतो, हे त्यांनी पाहिले, असे सांगितले जाते. १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना ‘खिडकी पुसण्याच्या साधना’चे अमेरिकन पेटंट मिळाले. बाहेर रबराची पट्टी आणि आत तिची मूठ, अशी ती रचना होती. चालकाने आसन न सोडता, काच न उघडता हात फिरवायचा. १९०५ मध्ये माँट्रिअलच्या एका फर्मने या शोधाला पुरेसे व्यापारी मूल्य नाही असे कळवून तो नाकारला. १९२० मध्ये पेटंटची मुदत संपली आणि त्यानंतर थोड्याच काळात वायपर गाड्यांवर सर्रास दिसू लागले. अँडरसन यांना त्यातून एक डॉलरही मिळाला नाही. १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मानदालनात त्यांचे नाव आले ते २०११ मध्ये.

वायपरने बाहेरची बाजू सांभाळली. याच सुमारास आतली बाजू बिघडू लागली होती.

कारण गाडी बंद झाली. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी दिलेले आकडे बोलके आहेत. १९१९ मध्ये अमेरिकेत बनणाऱ्या गाड्यांपैकी सुमारे १० टक्के बंदिस्त होत्या, १९२४ मध्ये ४३ टक्के आणि १९२७ मध्ये ८५ टक्के. अवघ्या आठ वर्षांत मोटार उघड्या बग्गीची चाकांवरची खोली झाली. खोली म्हटली की श्वास आला, ओले कपडे आले, सिगारेटचा धूर आला आणि हे सगळे जाऊन बसण्यासाठी गाडीतील सर्वांत थंड पृष्ठभागही आला, तो म्हणजे काच.

थंड काचेवर वाफ धरते हे कोणालाही ठाऊक असते. पण ती पांढरी का दिसते, हा प्रश्न खरा मौजेचा आहे, आणि त्याची उकल मोटारवाल्यांनी नव्हे तर भौतिकशास्त्रज्ञांनी केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात स्कॉटलंडच्या जॉन एटकेन यांनी काचेवर फुंकर घातल्यावर उमटणाऱ्या आकृत्यांचा अभ्यास केला. पुढे १९११ मध्ये लॉर्ड रेली यांनी त्याच विषयावर लिहिले. हे रेली म्हणजे आर्गॉन वायूच्या शोधाबद्दल १९०४ चे नोबेल मिळवलेले. त्यांचा प्रयोग घरच्या घरी करता येण्याजोगा साधा होता. काचेवरून फुंकनळीची ज्योत ओढत न्यायची, काच निवू द्यायची आणि मग तिच्यावर श्वास सोडायचा. ज्योत जिथून गेली तो पट्टा जवळजवळ पारदर्शक राही आणि बाकीची काच पांढरी होई. दव दोन्हीकडे पडलेले असे. फरक एवढाच की ज्योतीच्या वाटेवर पाणी सलग पातळ पापुद्र्यासारखे पसरे, तर इतरत्र त्याचे असंख्य सूक्ष्म थेंब होत. ज्योतीने काचेवरचा स्निग्धांश जाळला, असे रेली यांचे स्पष्टीकरण होते.

म्हणजे काच आंधळी होते ती पाण्याने कमी आणि पाण्याला थेंब करायला लावणाऱ्या तेलकट थराने अधिक. प्रत्येक थेंब एकेक भिंग होऊन प्रकाश विखुरतो. अस्वच्छ काच लवकर आणि दाट वाफ धरते, हे अनुभवी चालकांचे निरीक्षण याच गोष्टीवर उभे आहे.

आतल्या मळाच्या या कथेत एक मळ असाही होता, जो ना आत होता ना बाहेर. फ्रेंच कलावंत व रसायनज्ञ एडुआर बेनेदिक्तुस यांच्या प्रयोगशाळेत १९०३ मध्ये एक चंबू खाली पडला, तडकला, पण विखुरला नाही. आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून बसला होता. त्यातून दोन काचांमध्ये हा थर दाबून बसवण्याची कल्पना निघाली आणि १९०९ मध्ये तिचे पेटंट झाले. पहिल्या महायुद्धात अशी काच वायुरोधक मुखवट्यांच्या डोळ्यांना लागली आणि नंतर मोटारींना. जीव वाचवणारी काच खरी, पण उन्हात तो मधला थर पिवळा पडे आणि त्याला कोणतेच फडके पोहोचू शकत नसे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस पॉलिव्हिनाइल ब्युटिराल हे द्रव्य मध्ये वापरले जाऊ लागले, तेव्हा हा पिवळेपणा गेला.

त्याच दशकात काचेवर गरम हवा सोडणाऱ्या यंत्रणा रूढ होत गेल्या. पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये वातानुकूलनाची सोय असलेली गाडी आणली. हवा थंड करताना ते यंत्र तिच्यातील पाणीही काढून घेते. वाफेवरचा खरा उतारा तोच. पाण्याचा प्रश्न असा बराचसा सुटला आणि तेलाचा मात्र वाढला.

या वाढीचे मूळ १९२६ मध्ये सापडते. बी. एफ. गुडरिच कंपनीतील वॉल्डो सेमन पीव्हीसी या कडक, ठिसूळ, जवळजवळ निरुपयोगी द्रव्यावर काम करत होते. उच्च तापमानाला उकळणाऱ्या द्रावकात तापवल्यावर ते रबरासारखे लवचीक झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर या लवचीक व्हिनाइलने मोटारीचा अंतर्भाग व्यापला. डॅशबोर्ड, दारांचे अस्तर, आसने सगळे त्याचेच झाले. आपल्याकडे ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतात, त्यातही बव्हंशी हेच. मात्र त्याला लवचीक ठेवणारे तेलकट द्रव्य पीव्हीसीशी रासायनिक बंधाने जोडलेले नसते, ते नुसते मुरलेले असते. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसच्या वर तापू शकतो. अशा वेळी त्यातील थोडे द्रव्य हवेत उडते आणि सायंकाळी निवलेल्या काचेवर जाऊन बसते. ज्या ‘नव्या गाडीच्या वासा’चे कौतुक होते, त्याचाच एक भाग काचेवर धूसर थर होऊन उरतो. नवी कोरी, कोणीही सिगारेट न ओढलेली गाडीही आतून मळते, ती यामुळे.

हा दोष केवळ मोटारींपुरता नव्हता. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ यान चंद्राकडे निघाले, तेव्हा त्याच्या पाच खिडक्यांपैकी तीन धुरकटल्या. खिडक्यांच्या सांध्यांत भरलेल्या सिलिकोनमधून निघालेली वाफ काचांवर जमली होती. चंद्राला प्रदक्षिणा घालणारी पहिली माणसे आणि त्यांच्यापुढे निम्म्याहून अधिक खिडक्या अंधुक! तिथे तर फडके मारण्याचीही सोय नव्हती, कारण थर काचांच्या मधल्या पृष्ठभागांवर होता.

मोटार उद्योगाने या थराचे मोजमाप ठरवले. जर्मनीच्या डीआयएन ७५२०१ या मानकातील एका चाचणीत अंतर्भागातील साहित्याचा तुकडा चंचुपात्रात घालून तीन तास १०० अंश सेल्सिअसला तापवतात आणि वर २१ अंशांना थंड ठेवलेली काच झाकतात. नंतर त्या काचेची चमक किती उतरली ते पाहतात. प्रयोगशाळेत मांडलेली उन्हातली गाडीच म्हणायची ती.

भारतीय गाड्यांत ही गोष्ट वेगळ्या अंगाने दिसली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट आणि पुढे प्रीमियर पद्मिनी बाहेर पडत राहिल्या. मुंबईच्या टॅक्सी म्हणून त्या ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावल्या. वातानुकूलन नाही, आसने रेक्झिनची, मागे तीन ओले प्रवासी आणि बाहेर जुलैचा पाऊस. अशा वेळी पुढची छोटी त्रिकोणी काच तिरकी उघडणे हाच आतली वाफ घालवण्याचा उपाय होता. दुसरा उपाय म्हणजे डॅशबोर्डवर कायम पडलेले फडके. बाहेर वायपर बंद पडला तर काचेला तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळण्याची युक्ती चालकांत रूढ होती. काचेवर पाण्याचे थेंब न होता ते पसरावे, एवढाच तिचा उद्देश. रेली यांच्या ज्योतीचेच काम बटाट्याने केले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

नंतर उन्हापासून बचाव म्हणून काचांना आतून काळी फिल्म लावण्याची लाट आली. मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जाणे आवश्यक होते. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टक्केवारीचा वाद बाजूला ठेवून काचेवर कोणतीही फिल्म चिकटवण्यास मनाई केली आणि ४ मेपासून ती लागू झाली. रस्तोरस्ती पोलीस फिल्म सोलताना दिसू लागले. फिल्म निघे, तिचा चिकट गोंद मात्र काचेवर राही. तो पात्याने खरवडताना मागच्या काचेवरील वाफ घालवणाऱ्या बारीक तारा तुटण्याचा धोका असे, आणि एक तार तुटली की तेवढा पट्टा पावसाळ्यात वाफाळलेलाच राही.

काच पुसण्याच्या साधनांचा इतिहास त्या मानाने लहान आहे. अमेरिकेत विंडेक्स १९३३ मध्ये आले. ते मूळचे इतके ज्वालाग्राही होते की धातूच्या डब्यात विकावे लागे. पुढे अशा द्रवांत अमोनिया आला. तो तेलकट थर उत्तम काढतो, पण फिल्मला बाधतो. फिल्म असलेल्या काचेला तो लावू नये, ही सूचना तिथूनच आली. वर्तमानपत्राने काच पुसण्याची जुनी रीत मात्र जगभर टिकली, कारण त्या कागदाचे तंतू काचेवर सुटत नाहीत.

व्यावसायिक सफाई करणाऱ्यांची एक सवय या सगळ्याहून साधी आहे. ते आतली बाजू उभ्या हाताने पुसतात आणि बाहेरची आडव्या. मग उन्हात एखादा ओरखड्यासारखा डाग चमकला, तर तो उभा आहे की आडवा एवढे पाहिले की पुरते. काचेच्या कोणत्या बाजूला पुन्हा फडके फिरवायचे ते लगेच कळते.